कलमा

कलमा : इस्लाम धर्मातील श्रद्धेचे मूलवचन. ‘कलिमा’ या अरबी शब्दाचा अर्थ शब्द किंवा वचन असा असून मराठीत त्याचे ‘कलमा’ हे रूप रूढ आहे. ‘ला इलाह इल्लल्लाह, मुहंमदुर् रसूलुल्लाह’, म्हणजे ‘अल्लाखेरीज दुसरा ईश्वर नाही, मुहंमद हे अल्लाचे प्रेषित आहेत’, असे हे दोन खंडांचे वचन आहे. त्याला ‘मी साक्ष देतो’ हे शब्द जोडले म्हणजे त्यास ‘शहादा’ (साक्ष) म्हणतात. इस्लामच्या पाच आधारस्तंभांत शहादाला पहिले स्थान आहे. नमाज, जकात, रोजा व हज ही उरलेली चार कर्तव्ये हे वचन स्वीकारणाऱ्यावरच बंधनकारक होतात. इस्लामच्या स्वीकारासाठी धर्मगुरूची वा दीक्षाविधीची आवश्यकता नसते. अर्थ जाणून व स्वेच्छेने हे वचन उच्चारणे पुरेसे मानले जाते. इतक्या लहान वचनावर समाजाचे सदस्यत्व अवलंबून असल्यामुळे, ते उच्चारणाऱ्या प्रत्येकास मुसलमान मानावे काय, हा प्रश्न इस्लामच्या इतिहासात आरंभापासून पुनःपुन्हा उपस्थित झाला आहे.

कलम्याचे दोन्ही खंड कुराणात आढळतात. मात्र ते तेथे एकत्र आलेले नाहीत. पहिला खंड ३७ व्या व ४७ व्या अध्यायांत, तर दुसरा ४८ व्या अध्यायात आहे. पहिल्या खंडाची रचना अर्थपूर्ण आहे. त्यात आधी नकार (नफी) व मग होकार (इस्बात) येतो. मक्केचे कुरैश लोक अल्ला ही सर्वश्रेष्ठ देवता मानीतच होते. पण तिच्याबरोबर लात, उज्जा, मनात इ. देवतांचीही ते उपासना करीत. त्यांचा विरोध होता तो ‘दुसरा ईश्वर नाही’ या नकाराला. या नकाराने त्यांच्या कुलदेवतांना, पूर्वजांच्या परंपरेला व काबागृहाभोवती उभ्या राहिलेल्या प्रतिष्ठेला आव्हान दिले. दुसऱ्या खंडाने मुहंमद पैगंबरांना ईश्वरी संदेशाचे वाहक म्हणून मान्यता दिली जाते. त्यांना देवत्व दिले जात नाही.

मुसलमानाच्या जीवनात हे वचन जन्मापासून मृत्यूपर्यंत सोबत करते. नवजात बालकाच्या उजव्या कानात अजान म्हटली जाते व तीत शहादाचे दोन्ही खंड असतात. पाच वेळांच्या फर्ज नमाजांत मिळून नऊ वेळा बैठकीत शहादाचा उच्चार होतो. मरणासन्न व्यक्तीजवळ बसून आप्तेष्ट हळू आवाजात कलमा म्हणतात. अखेरचे शब्द तेच असावेत, अशी श्रद्धा त्यामागे असते. भारतीय उपखंडात मुलांना सहा कलमे पाठ करविण्याचा प्रघात आहे. त्यांपैकी पहिल्यास ‘कलमा तय्यिबा’ (पवित्र वचन) व दुसऱ्यास ‘कलमा शहादत’ म्हणतात. सहा कलम्यांची ही मालिका कुराणात वा हदीसमध्ये दिलेली नाही. ती शिक्षणाच्या सोयीसाठी नंतर रूढ झाली.

उच्चार व अंतःकरण यांतील तफावतीचा प्रश्न पैगंबरांच्या हयातीतच निर्माण झाला. मदीनेत वरकरणी इस्लाम स्वीकारलेल्या लोकांना कुराणात ‘मुनाफिक’ (दांभिक) म्हटले आहे. ६३ व्या अध्यायाच्या प्रारंभी, पैगंबरांच्या प्रेषितत्वाची साक्ष देणारे हे लोक खोटे बोलत आहेत, असे सांगितले आहे. म्हणजे साक्ष खरी, पण साक्षीदार खोटे. असे असूनही त्यांना समाजाबाहेर घालविण्यात आले नाही. त्यांचा प्रमुख अब्दुल्लाह इब्न उबय्य मरण पावला (६३१), तेव्हा पैगंबरांनी त्याच्या अंत्यप्रार्थनेचे नेतृत्व केले, असे परंपरा सांगते. हदीसमधील एक प्रसंगही या संदर्भात नेहमी उद्धृत होतो. युद्धात उसामा इब्न जैद याने, शत्रूपक्षातील एक माणूस कलमा म्हणत असतानाही त्याला ठार केले. मृत्यूच्या भीतीने त्याने तसे म्हटले, हे उसामाचे स्पष्टीकरण पैगंबरांनी मान्य केले नाही. तू त्याचे हृदय चिरून पाहिले होतेस काय, असे त्यांनी विचारले. उच्चारलेल्या शब्दांवरून माणसांनी निर्णय करावा व अंतःकरणाचा निवाडा ईश्वरावर सोपवावा, हा दंडक विधिज्ञांनी यातून घेतला. याच्या उलट बाजूचाही विचार कुराणात आहे. जुलूम झाल्यामुळे मुखाने श्रद्धा नाकारली, पण मन स्थिर राहिले, तर तो माणूस दोषी नव्हे, असे १६ व्या अध्यायात म्हटले आहे.

पैगंबरांच्या निधनानंतर (६३२) काही अरब टोळ्यांनी जकात देण्याचे नाकारले. कलमा म्हणणाऱ्यांशी युद्ध कसे करता येईल, अशी शंका उमर यांनी घेतली. पण नमाज व जकात यांत भेद करता येणार नाही, असे पहिले खलीफा अबू बक्र यांचे मत पडले आणि तेच अंमलात आले. कलमा स्वीकारल्याने काही कर्तव्ये अंगावर येतात, हे या निर्णयाने ठरले. त्यांपैकी एखादे कर्तव्य चुकल्यास काय, हा पुढचा प्रश्न होता. ६५७ मधील सिफ्फीनच्या लढाईनंतर उदयास आलेल्या खारिजी पंथातील जहालांनी, महापातक करणारा मुसलमान काफिर होतो, अशी भूमिका घेतली व मुसलमानांविरुद्धच शस्त्र उपसले. चौथे खलीफा अली यांचा वध ६६१ मध्ये एका खारिजीनेच केला. यावर मुर्जिया पंथाने पातक्याचा निर्णय ईश्वरावर सोडावा, असे प्रतिपादन केले. अबू हनीफा (मृ. ७६७) यांनी श्रद्धा म्हणजे अंतःकरणाची मान्यता व मुखाने दिलेली कबुली, असे मानले, आचरण त्यांनी श्रद्धेच्या व्याख्येबाहेर ठेवले. हंबली विचारवंतांनी आचरणाचाही श्रद्धेत समावेश केला. अल्-गजाली (मृ. ११११) यांनी या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहून, कलमा मानणाऱ्यांना केवळ मतभेदांमुळे काफिर ठरविण्याविरुद्ध इशारा दिला.

राज्यसंस्थेनेही कलम्याचा उपयोग केला. आरंभीच्या अरब शासकांची नाणी बायझंटिन व सासानी नाण्यांच्या धर्तीवर होती. उमय्या खलीफा अब्द अल्-मलिक याने जेरुसलेम येथील घुमटवास्तूत (हि. स. ७२, इ. स. ६९१–९२) शहादा कोरविली व हि. स. ७७ (इ. स. ६९६–९७) मध्ये मानवी आकृती वगळून कलमा असलेले सोन्याचे दीनार पाडले. भारतात गझनीच्या महमूदाने हि. स. ४१८ (इ. स. १०२७–२८) च्या सुमारास लाहोर येथे पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस अरबी कलमा, तर दुसऱ्या बाजूस ‘अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद’ असे त्याचे संस्कृत रूपांतर आहे. या रूपांतरात मूळचा नकार लोपला आहे आणि प्रेषिताचा अवतार झाला आहे. इस्लामला सर्वस्वी अमान्य असलेली अवतारकल्पना अशा रीतीने खुद्द कलम्याच्याच भाषांतरात आली. मोगलांपैकी अकबराने उत्तरकाळात आपल्या नाण्यांवरून कलमा वगळला. शाहजहानच्या नाण्यांवर तो आढळतो. औरंगजेबाने मात्र नाणी कोणाच्याही हातापायांखाली जातात व पवित्र वचनाचा अवमान होतो, या कारणाने तो बंद केला. सौदी अरेबियाच्या हिरव्या ध्वजावर कलमा असल्यामुळे तो ध्वज दुखवट्याच्या प्रसंगीही अर्ध्यावर उतरविला जात नाही.

सूफींनी कलम्याला साधनेचे रूप दिले. ‘ला इलाह’ म्हणताना अहंकारासह सर्व लौकिकाचा त्याग व ‘इल्लल्लाह’ म्हणताना केवळ ईश्वराची जाणीव, अशी जपाची पद्धती त्यांनी बसविली. विजापूरच्या परिसरातील सूफी परंपरेत स्त्रियांनी दळताना व सूत कातताना म्हणावयाची दखनी गीते रचली गेली. जात्याच्या खुंट्याला अल्लाच्या नावातील ‘अलिफ’ या अक्षराची उपमा देणारी ही गीते मराठी ओव्यांना जवळची वाटतात. दिल्लीचा सूफी सरमद हा फक्त ‘ला इलाह’ एवढेच म्हणे व आपण अद्याप नकारातच बुडालो आहोत, असे उत्तर देई, अशी आख्यायिका आहे. औरंगजेबाच्या कारकीर्दीत सु. १६६१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

शिया पंथीय कलम्याला ‘अली हे ईश्वराचे वली आहेत’ या अर्थाचे शब्द जोडतात. परंतु इस्लाम स्वीकारण्यास पहिले दोन खंड त्यांच्याही मते पुरेसे आहेत. अठराव्या शतकात अरबस्तानात मुहंमद इब्न अब्दुल वहाब (१७०३–९२) यांनी कबरींपाशी नवस करणाऱ्यांचा कलमा निरर्थक ठरतो, असे प्रतिपादिले. त्यामुळे जुना वाद नव्याने पेटला. पंजाबमधील १९५३ च्या अहमदियाविरोधी दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मुनीर व कयानी यांनी उलेमांना मुसलमानाची व्याख्या विचारली, तेव्हा कोणत्याही दोघांचे एकमत झाले नाही, असे त्यांनी १९५४ च्या अहवालात नमूद केले. पाकिस्तानने १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगर-मुस्लिम ठरविले. त्यापूर्वी १९७० मध्ये केरळ उच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, ईश्वराचे एकत्व व मुहंमदांचे प्रेषितत्व मानणारे अहमदिया मुसलमान आहेत, असा निर्णय दिला होता. २००५ मध्ये अम्मान येथे जमलेल्या अनेक देशांतील विद्वानांनी सुन्नी, शिया, इबादी व जाहिरी अशा आठ विधिपरंपरांच्या अनुयायांना मुसलमान मानून, त्यांना काफिर ठरविणे निषिद्ध असल्याचे जाहीर केले. त्यानंतरही, २०१४ मध्ये खिलाफतीची घोषणा करणाऱ्या ‘इस्लामिक स्टेट’ या संघटनेने कलमा लिहिलेल्या ध्वजाखाली, तोच कलमा म्हणणाऱ्या शियांची हत्या केली.

कलम्यात धर्मशास्त्राचा तपशील नाही व आचारसंहिताही नाही. अरबस्तानापासून जावा-सुमात्रापर्यंत भाषा, वंश व चालीरीती यांत भिन्न असलेल्या समाजांना तो एकत्र आणू शकला, याचे एक महत्त्वाचे कारण हा संक्षेप होय. त्याला नवनव्या अटी जोडण्याचे प्रयत्न जेव्हा जेव्हा झाले, तेव्हा तेव्हा या एकतेला तडा गेला, असे इतिहासावरून दिसते.