मरीना डेल रे : दलदलीतून उभे राहिलेले बंदर

बंदर म्हटले की आपल्या वसईकरांच्या डोळ्यांपुढे मासळीच्या पाट्या, वाळत घातलेली जाळी आणि भरतीची वाट पाहणाऱ्या होड्या उभ्या राहतात. ‘मरीना’ हे बंदरच, परंतु ते हौशी नौकाविहारासाठी बांधलेले. अशा बंदरांत लॉस एंजेलिसजवळील ‘मरीना डेल रे’ हे जगातील मोठ्या मानवनिर्मित बंदरांपैकी एक गणले जाते. त्याचा इतिहास मात्र केवळ हौसेचा नाही.

हे बंदर आहे तेथे पूर्वी बालोना खाडीची विस्तीर्ण दलदल होती. टोंग्वा हे तेथील मूळ रहिवासी. १७७१ साली स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी सान गाब्रिएल मिशन स्थापन केले. पुढे टोंग्वांपैकी अनेकांचा बाप्तिस्मा होऊन ते मिशनच्या आश्रयाला गेले आणि किनाऱ्यावरील त्यांची गावे ओस पडली.

१८८७ साली मोय विक्स ह्या गृहस्थाने रेल्वेच्या साह्याने येथे व्यापारी बंदर उभारण्याचा घाट घातला, परंतु समुद्राच्या माऱ्यापुढे आणि पैशाच्या चणचणीपुढे तो बेत थोड्याच वर्षांत कोलमडला. पुढे १९५४ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांनी बंदराच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि १९५७ च्या अखेरीस खोदकामास प्रारंभ झाला.

नौका येऊन लागल्या. तोच १९६२-६३ च्या हिवाळ्यात तुफान झाले. खाडीचे मुख समुद्राकडे सताड उघडे होते. लाटा मुख्य प्रवाहमार्गातून थेट आत शिरल्या व त्यांनी धक्क्यांची आणि नौकांची मोठी नासधूस केली. अभियंत्यांनी मग बंदराची लहान प्रतिकृती करून लाटांचा अभ्यास केला. त्यातून मुखासमोर, किनाऱ्यापासून सुटा, दोन हजार फुटांहून अधिक लांबीचा दगडी बांध उभा राहिला. त्याच्या दोन्ही टोकांकडून नौका ये-जा करू लागल्या. १० एप्रिल १९६५ रोजी बंदराचे रीतसर उद्घाटन झाले.

जमीन व पाणी मिळून हा परिसर सुमारे ८०० एकरांचा आहे. चार हजारांहून अधिक नौकांना येथे जागा मिळते. इंधनाचा धक्का, नौका पाण्यात सोडण्यासाठी सार्वजनिक उतार, तटरक्षक दलाचे ठाणे, बर्टन चेस उद्यान आणि मुलाबाळांसाठी लाटांविना शांत असा किनारा ह्या तेथील सोयी. जमिनीची मालकी काउंटीच्या शासनाकडेच असून ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली जाते. त्यामुळे श्रीमंतांच्या नौकांचे भाडे सार्वजनिक तिजोरीतही पोहोचते.

तरीही हिशेब पुरा होत नाही. मुखाशी वाळू साचतच राहते आणि ती वेळोवेळी उपसावी लागते. दलदलीचा मोठा भाग गेला, पाखरांचे आसरे गेले. शेजारच्या प्लाया व्हिस्टा येथे नवी वसाहत बांधताना २००३-०४ च्या सुमारास टोंग्वांच्या शेकडो पूर्वजांचे अवशेष उकरले गेले. वंशजांनी ह्याविरुद्ध आवाज उठवला. अखेर २००८ साली ते अवशेष पुन्हा मातीच्या स्वाधीन करण्यात आले.

आपल्या किनाऱ्यावरही नव्या धक्क्यांचे आणि बंदरांचे आराखडे येत असतात. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कबरींना आपण दरवर्षी फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. म्हणूनच त्या आराखड्यांपुढे दोन प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे : खाडीच्या मुखाची वाट जाणणाऱ्या नाखव्याला कोणी विचारले काय? आणि ह्या मातीत आधीपासून कोण निजले आहे?