डायनामो आणि कटआउटची पत्रिका

मंडळी, आज विषय जरा वेगळा आहे. मी जन्मभर इतिहास शिकवला, वायरिंग नव्हे. पण इतिहास जसा सनावळ्यांत असतो तसा तो गाडीच्या बॉनेटखालीही असतो, असं मला हल्ली वाटू लागलं आहे.

आमच्या झाई-बोर्डीच्या बाजूला चिकूच्या वाड्यांत एखादी जुनी जीप अजून दिसते. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या जीप बाजारात आल्या. १९४५ साली महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला सुट्या भागांतून विलिज जीप जोडल्या जाऊ लागल्या.

या गाड्यांत बॅटरी चार्ज करायला डायनामो असे. त्याहून जुन्या, म्हणजे १९२०-३० च्या काळातल्या मोटारींत डायनामोला तिसरा ब्रश असे आणि जोडीला फक्त कटआउट. इंजीन बंद झालं की बॅटरीतली वीज उलटी डायनामोत जाऊ नये, एवढंच त्या कटआउटचं काम. पुढे त्याच डबीत व्होल्टेज आवरणारी आणि करंट आवरणारी अशी आणखी वेटोळी आली, तिला रेग्युलेटर हे नाव मिळालं, पण आपले मिस्त्री आजही तिला कटआउटच म्हणतात. जुना शब्द असा टिकून राहतो.

आता खरी गोष्ट. डायनामोच्या आत फील्डची कॉइल असते. तिच्यातून जितकी वीज जाईल तितका डायनामो जोर करतो. अमेरिकन जीपच्या डायनामोत या कॉइलचं एक टोक आतच आर्मेचरच्या ब्रशला जोडलेलं असतं आणि रेग्युलेटर दुसरं टोक अर्थ करतो. विलायती लुकास पद्धतीत नेमकं उलट. तिथे एक टोक आतच अर्थ असतं आणि रेग्युलेटर दुसऱ्या टोकाला वीज पुरवतो. बाहेरून दोन्ही डायनामो सारखेच लोखंडी नळकांडे. १९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस सुरू झाली आणि लुकास पद्धतीचे डायनामो इथेच बनू लागले. एकाचा डायनामो आणि दुसऱ्याचा कटआउट अशी सोयरीक जमवणं मग फार अवघड राहिलं नाही.

आमच्या शेजारच्या वाडीतल्या काकांच्या जीपचं हेच झालं होतं. गाडी त्यांच्या वडिलांची, पूर्वीच ६ ची १२ व्होल्ट केलेली. दोन वर्षांत तीन बॅटऱ्या बसल्या. मुंबईहून आलेला मुलगा म्हणाला, "बाबा, अल्टरनेटर टाकू या, नाहीतर विकून टाका." काकांना दोन्ही नको होतं. शेवटी उंबरगावचे एक म्हातारे मिस्त्री आले. १ मे १९६० ला उंबरगाव गुजरातेत गेलं, पण गाडी बिघडली की आम्ही अजून तिकडेच बघतो.

मिस्त्रींनी डायनामोच्या दोन्ही तारा सोडवल्या, मीटर लावला आणि इंजीन हळू चालू ठेवलं. फील्डचं टोक क्षणभर अर्थ केलं, काटा हलला नाही. मग तेच टोक आर्मेचरच्या टोकाला टेकवलं, काटा चढला. "मास्तर, डायनामो लुकास आहे, कटआउट अमेरिकन," ते म्हणाले. म्हणजे आत एक टोक आधीच अर्थ, आणि कटआउट दुसरंही अर्थ करत होता. दोन्ही टोकं जमिनीला, मग फील्डमध्ये वीज जाणार कुठून? गाडी नुसत्या बॅटरीवर धावत होती.

जोडीचा कटआउट शोधायला महिना लागला. पद्धत जुळून भागत नाही, आकडेही जुळावे लागतात. १२ व्होल्टच्या गाडीत साधारण १४ व्होल्टच्या आसपास आवरणारा हवा. २२ अँपियरच्या डायनामोला ४० अँपियरचा कटआउट लावला तर डायनामो तापून कम्युटेटरचं डाख वितळतं. नवा बसवल्यावर फील्डला बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन डायनामोला दिशा द्यावी लागते. हा स्पर्श लुकासमध्ये एका जागी, अमेरिकन पद्धतीत दुसऱ्या. चुकलं तर कटआउटचे पॉइंट जळतात. आणि आमच्या खाऱ्या वाऱ्यात अर्थचा नट गंजला तर सगळंच व्यर्थ.

मुलाचं म्हणणंही खोटं नव्हतं. अल्टरनेटर इंजीन मंद असतानाही चार्ज करतो, आपला करंट आपणच आवरतो. १९६० नंतर जगभर डायनामो मागे पडला तो उगाच नाही. पण काकांना चांगली गाडी नको होती, वडिलांची गाडी हवी होती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही रास्त आहेत.

मला काळजी वाटते ती वेगळीच. त्या मिस्त्रींचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो, आणि त्यात वाईट काही नाही. पण दोन तारा टेकवून डायनामोची जात ओळखणारे हात आमच्या भागात आता फार उरलेले नाहीत. तेव्हा ज्यांच्या दारात अशी गाडी असेल त्यांनी एवढं तरी करावं: फील्ड आत कुठे जोडलेलं आहे, व्होल्ट किती, अँपियर किती, बॅटरीची कोणती बाजू अर्थ, हे एका जाड कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावं. पुढच्या माणसाला गाडी मिळेल तेव्हा तिची पत्रिकाही मिळू द्या.