मेराचा शोध
अमेरिकेतील डीसी कॉमिक्सच्या ‘ॲक्वामॅन’ मासिकातील गाजलेली क्रमशः चित्रकथा. समुद्रतळीच्या अटलांटिस राज्याचा राजा ॲक्वामॅन हा नायक मॉर्ट वाइझिंगर व पॉल नॉरिस यांनी १९४१ मध्ये निर्माण केला. या कथेत पत्नी राणी मेराचे अपहरण झाल्यावर तो राज्यकारभार नार्क्रन या सहकाऱ्यावर सोपवून सागरभर तिचा शोध घेतो. इकडे नार्क्रन जुलमी हुकूमशहा बनतो. १९६८ च्या ४० व्या अंकापासून ही कथा सुरू झाली. लेखन स्टीव्ह स्कीट्स, चित्रे जिम अपारो, संपादन डिक जिओर्डानो यांचे. मुखपृष्ठे निक कार्डीची. अंकागणिक संपणाऱ्या साहसांऐवजी सलग कथानक आणि पती व राजा या दोन कर्तव्यांतील संघर्ष यांमुळे ती महत्त्वाची ठरते.