अर्धा पगार, जन्मभर: अमेरिकन पोलीस आणि फायर फायटरच्या पेन्शनची गोष्ट

अमेरिकेत नोकरी करत असाल तर पे-स्लिपवर सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के कापलेले दिसतात. तुमच्या शहरातल्या पोलिसाच्या किंवा फायर फायटरच्या पे-स्लिपवर मात्र ती ओळ नसेलही. अनेक शहरांत ही मंडळी त्या योजनेच्या बाहेर आहेत. त्यांचं म्हातारपण शहराच्या पेन्शनवर अवलंबून असतं. मग शहरच बुडालं तर?

आधी हे असं का झालं ते पाहू. १८५७ मध्ये न्यूयॉर्कने कामावर जखमी होणाऱ्या पोलिसांना एकरकमी भरपाई द्यायला सुरुवात केली. १८७८ मध्ये त्याचं रूपांतर खऱ्या पेन्शनमध्ये झालं: वय ५५, नोकरी २१ वर्षं, की जन्मभर अर्धा पगार. यामागे केवळ दयाबुद्धी नव्हती. साठीच्या माणसाला चोराच्या मागे पळवणं धोक्याचं, आणि त्याला रिकाम्या हाताने घरी पाठवणंही अवघड. पेन्शनमुळे वयस्कर माणूस मानाने बाहेर पडायचा आणि तरुण माणूस नोकरीला चिकटून राहायचा. शहराच्याही ते सोयीचं होतं. वचन आज द्यायचं, पैसे पुढच्यांनी भरायचे. खोट इथेच होती.

१९३५ मध्ये सोशल सिक्युरिटीचा कायदा आला, तेव्हा राज्यं आणि शहरांचे कर्मचारी त्यातून वगळले गेले. केंद्र सरकारला राज्यांवर असा कर लावता येतो का, हा घटनात्मक प्रश्न होता. १९५० च्या दशकात राज्यांसाठी दार उघडलं, पण स्वतःची पेन्शन असलेले पोलीस आणि फायर फायटर बहुतेक ठिकाणी बाहेरच राहिले. त्यांच्या संघटनांनाही तेच हवं होतं. लवकर निवृत्त करणारी आपली योजना त्यांना जास्त फायद्याची वाटत होती. त्या काळात ते चुकीचंही नव्हतं.

हिशोब चुकला तर काय होतं, हे ऱ्होड आयलंडमधल्या सेंट्रल फॉल्स या छोट्या शहराने दाखवलं. ऑगस्ट २०११ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. काही निवृत्त पोलीस आणि फायर फायटरची पेन्शन थेट ५५ टक्क्यांपर्यंत कापली गेली. बाँड घेणाऱ्यांना मात्र पूर्ण पैसे मिळाले, कारण राज्याने त्याच वर्षी त्यांना आधी हक्क देणारा कायदा केला होता. पुढे राज्याच्या मदतीने पेन्शन मूळ रकमेच्या ७५ टक्क्यांवर आणली गेली.

दोन वर्षांनी, जुलै २०१३ मध्ये, डेट्रॉइट कोर्टात गेलं. मिशिगनच्या राज्यघटनेत पेन्शनला संरक्षण आहे. तरीही न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांनी निर्णय दिला की दिवाळखोरीच्या केंद्रीय कायद्यापुढे ते टिकत नाही. शेवटी राज्य सरकार, देणगीदार संस्था आणि शहराचं कलासंग्रहालय यांनी मिळून ८० कोटी डॉलरहून जास्त रक्कम उभी केली. त्यामुळे संग्रहालयातली चित्रंही वाचली. पोलीस आणि फायर फायटरची मूळ पेन्शन शाबूत राहिली, पण दरवर्षीची महागाई-वाढ निम्म्याहून खाली आली. इतर कर्मचाऱ्यांची मूळ पेन्शनही ४.५ टक्के घटली. पोलिसांना सोशल सिक्युरिटीचा आधार नाही, हा मुद्दा वाटाघाटीत त्यांच्या बाजूने कामी आला. सेंट्रल फॉल्सकडे असं संग्रहालय नव्हतं.

आणखी एक गाठ होती. शहराची पेन्शन घेणाऱ्याने दुसरी नोकरी करून सोशल सिक्युरिटी भरली असली, तरी १९८३ च्या एका नियमामुळे त्याची रक्कम कमी व्हायची. जोडीदाराच्या पश्चात मिळणाऱ्या रकमेतूनही स्वतःच्या पेन्शनच्या दोन-तृतीयांश इतके पैसे वजा व्हायचे. बऱ्याच जणांच्या हाती मग काहीच उरत नसे. हे दोन्ही नियम जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाले.

‘एवढ्या लवकर रिटायर होऊन पेन्शन कशाला?’ असं बोलणारे इथे भेटतात. त्यांना एवढंच सांगायचं: ती बक्षिसी नाही. तो मागे ठेवलेला पगार आहे. त्या माणसाने त्याच्या वाट्याची वीस-पंचवीस वर्षं आधीच देऊन टाकलेली असतात. म्हणून तुमच्या शहराचं बजेट पुढच्या वेळी समोर आलं, तर पेन्शन फंडात या वर्षी ठरलेली रक्कम भरली का, ती ओळ जरूर शोधा. ती रक्कम भरली नाही तर टॅक्स आज कमी दिसतो. त्याचं बिल पुढे कुणाच्या तरी म्हातारपणाच्या नावावर फाटतं.