ब्रानवेनचे पत्र

मध्ययुगीन वेल्श कथासाहित्यात एक पत्र आहे. ते लिहिले जाते, समुद्रापार पोचते, वाचलेही जाते. परंतु त्यातली एकही ओळ निवेदक आपल्याला सांगत नाही. या न सांगितलेल्या पत्रापाशी आम्हांला साहित्याच्या अध्यापनातील एक जुना प्रश्न उभा असलेला दिसतो. अभिजात कथेच्या मोकळ्या जागेत विद्यार्थ्याने लिहावे की लिहू नये?

कथा 'माबिनोगी'च्या चार शाखांपैकी दुसऱ्या शाखेतील. ब्रानवेन ही ब्रिटनचा महाकाय राजा बेंदिगेदव्रान याची बहीण. आयर्लंडचा राजा माथोलुख याच्याशी तिचा विवाह ठरतो. तिचा सावत्र भाऊ एव्हनिशेन आपल्याला न विचारता हे ठरले म्हणून पाहुण्यांच्या घोड्यांची विटंबना करतो. भरपाई म्हणून माथोलुखला एक अद्भुत काहील दिली जाते. मेलेला योद्धा तीत टाकला की दुसऱ्या दिवशी जिवंत होतो, मात्र त्याची वाचा परत येत नाही. आयर्लंडात ब्रानवेनचे पहिले वर्ष मानाने जाते, तिला मुलगा होतो. मग त्या जुन्या अपमानाचा सूड तिच्यावर उगवला जातो. तिला मुदपाकखान्यात धाडतात, खाटीक रोज तिच्या कानशिलात मारतो आणि ही वार्ता पलीकडे जाऊ नये म्हणून जहाजांची ये-जा बंद केली जाते. असे तीन वर्षे चालते. या काळात ती काथवटीच्या कडेवर साळुंकीच्या कुळातला एक स्टार्लिंग पक्षी वाढवते, त्याला भाषा शिकवते, आपला भाऊ कसा आहे ते सांगते आणि त्याच्या पंखांच्या मुळाशी पत्र बांधून त्याला सोडते.

ही कथा ज्या दोन हस्तलिखितांमुळे संपूर्ण टिकली, त्यांपैकी 'र्‍हिदर्ख्‌चे श्वेत पुस्तक' इ. स. १३५०च्या सुमाराचे, तर 'हेर्गेस्टचे रक्त पुस्तक' १३८२ नंतरचे. कथांची रचना त्याहून जुनी आणि मौखिक परंपरा त्याहूनही जुनी. म्हणजे आपल्या हाती येणारा पाठ हाही कुणीतरी केलेले पुनर्कथनच आहे. पुढे लेडी शार्लट गेस्ट या इंग्रज उमराव घराण्यातील स्त्रीने वेल्श शिकून १८३८ ते १८४९ या काळात या कथांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तो आपल्या दोन मुलांना अर्पण केला आणि काही प्रसंग सौम्यही केले.

याच काळात, १८४७ साली, वेल्समधील शिक्षणाच्या स्थितीविषयीचा सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला. तो करणाऱ्या तिन्ही आयुक्तांना वेल्श येत नव्हते. वेल्श भाषा ही लोकांच्या प्रगतीतील अडसर आहे, असा त्याचा सूर होता. वेल्श जनतेने या अहवालाची 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणून आठवण ठेवली. एकोणिसाव्या शतकात अनेक शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पट्टी अडकवली जाई. ज्या भाषेतील कथा लंडनमध्ये कौतुकाने वाचल्या जात होत्या, तीच भाषा वर्गात बोलणे हा अपराध ठरत होता. काहिलीतून जिवंत होऊन मुके राहिलेले योद्धे आठवावेत, अशी ही शाळा होती. १९८८च्या शिक्षण कायद्यानंतर वेल्श हा वेल्समधील राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा भाग झाला, हे या पार्श्वभूमीवर ध्यानात घ्यायला हवे.

म्हणूनच वेल्समधील माध्यमिक वर्गात 'ब्रानवेनचे पत्र लिहा' असा स्वाध्याय दिला जातो, तेव्हा तो केवळ मनोरंजन राहत नाही. एके काळी ज्यांची वाचा शाळेनेच बंद केली, त्यांचे वंशज एका मुक्या केलेल्या स्त्रीला शब्द देत असतात. परंतु हे मोल आपोआप साधत नाही. आपल्याकडील 'झाडाचे मनोगत' या निबंधाची जी गत झाली, तीच या पत्राचीही होऊ शकते: ठरीव हळहळ, ठरीव संदेश. त्यासाठी दोन अटी आवश्यक वाटतात. पहिली, पत्र पक्ष्याच्या पंखाखाली मावले पाहिजे. म्हणजे काय वगळायचे हे ठरवावे लागेल. मुलाचा उल्लेख करायचा की अपमानाचा? दुसरी अट अधिक कठीण. ब्रानवेनला जे ठाऊक नाही ते पत्रात येता कामा नये.

विद्यार्थ्याला शेवट माहीत असतो. पत्र वाचून भाऊ आयर्लंडवर चालून जातो, ब्रानवेनचा मुलगा आगीत फेकला जातो, युद्धात ब्रिटनच्या सैन्यातले सात पुरुष वाचतात आणि दोन चांगली बेटे आपल्यापायी उद्ध्वस्त झाली या दुःखाने ब्रानवेन आलाव नदीच्या मुखाशी प्राण सोडते. हे सारे माहीत असून हात आवरायचा आणि केवळ सुटकेची आशा असलेल्या स्त्रीचे वाक्य लिहायचे, ही इतिहासदृष्टीचीच तालीम आहे. नंतरचे ज्ञान आधीच्या माणसाच्या तोंडी घालू नये, हे व्याख्यानातून सांगितले तर कळते. असे पत्र लिहिताना ते अंगवळणी पडते.

यावर आक्षेप असा की, यामुळे मूळ पाठ बाजूला राहतो. तो रास्त आहे, पण त्याचे उत्तर पाठाच्या अधिक बारकाईच्या वाचनात आहे. चौथ्या शाखेतील ब्लोदाइवेध ही ओक, ब्रूम आणि मेडोस्वीट यांच्या फुलांपासून घडवलेली, आणि पुढे शिक्षा म्हणून घुबड झालेली स्त्री. 'तिला बोलू दिलेच नाही' असे विद्यार्थी सहज लिहितो. वस्तुतः ती बोलते, आणि नवऱ्याला कसे मारता येईल हे त्याच्याकडूनच काढून घेते. ती कुठे बोलते आणि कुठे निवेदक तिला बोलू देत नाही, हे पाठाकडे परतल्याशिवाय समजत नाही.

ॲलन गार्नर यांनी 'द आउल सर्व्हिस' (१९६७) या कादंबरीत हीच कथा विसाव्या शतकातील वेल्श दरीत, तीन किशोरवयीन मुलांमध्ये पुन्हा घडवली. त्यातला वेल्श मुलगा शुद्ध इंग्रजी उच्चारांच्या ध्वनिमुद्रिका लपवून ठेवतो. लपवलेल्या त्या ध्वनिमुद्रिकांत १८४७चा अहवाल अजून जिवंत असल्याचे जाणवते.

आम्ही मराठीचे अध्यापक या कथा इंग्रजी अनुवादांतूनच वाचतो, म्हणजे वेल्शच्या गळ्यात पट्टी अडकवणाऱ्या भाषेतूनच. तरीही एक गोष्ट तेथून घेण्याजोगी वाटते. पत्राआधी ब्रानवेनने पक्ष्याला भाषा शिकवली. कथा तिने त्याला पहिला शब्द कोणता शिकवला ते सांगत नाही. वर्गात लेखनाची सुरुवात पत्राऐवजी त्या शब्दापासून करावी, असे आम्हांला वाटते.