लोखंडात मुरलेली ओल

बेळगावच्या उद्योगाचा इतिहास आपण १८८८ पासून मोजतो. गुर्लहोसूरच्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्या साली बंधू रामूअण्णांसह इथे सायकलचं दुकान काढलं. पुढे कडबा कापण्याचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला, आणि १९१० साली हा सगळा पसारा औंध संस्थानातल्या माळावर, आजच्या किर्लोस्करवाडीला गेला. लोखंडानं जमीन नासते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीला नांगराला गिऱ्हाईक मिळेना. खरं तर गोष्ट उलटी आहे. लोखंडानं जमिनीचं काही बिघडत नाही, ओलीनं लोखंडाचं मात्र बिघडतं. आणि तेही नुसत्या गंजानं नव्हे.

पाण्यात हायड्रोजन असतो. आपल्या जुन्या पुस्तकांत त्याला उज्ज म्हणत. त्याचा अणू अगदी लहान. तापलेला रस ओल्या वाळूला किंवा दमट हवेला लागला की पाण्यातला ऑक्सिजन धातू ओढून घेतो आणि सुटा झालेला हायड्रोजन रसात विरघळतो. रस थिजताना मात्र त्याला तेवढी जागा उरत नाही. ॲल्युमिनियममध्ये ती जवळजवळ वीस पटींनी कमी होते. मग वायूचे बुडबुडे आतच अडकतात. वरून गुळगुळीत दिसणारं कास्टिंग लेथवर चढवलं की कातडीखाली टाचणीएवढी भोकं दिसतात आणि सगळी मेहनत भंगारात जाते. म्हणूनच पावसाळ्यात वाळू, लेडल आणि वेल्डिंगचे रॉड नीट वाळवल्याशिवाय जाणता कारागीर काम सुरू करत नाही.

थंड लोखंडातही हायड्रोजन शिरतो, हे १८७५ साली इंग्लंडात विल्यम जॉन्सन यांनी दाखवलं. लोखंडाची तार काही मिनिटं ॲसिडात बुडवली की ती ठिसूळ होई. मोडलेल्या जागी पाणी लावलं की बुडबुडे येत. तीच तार काही काळ तशीच ठेवली की पुन्हा चिवट होई. म्हणजे आत शिरलेला पाहुणा आपल्या पायांनी बाहेरही पडत होता.

मग सगळाच हायड्रोजन बाहेर का पडत नाही? शुद्ध लोखंडात तो एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारत झपाट्यानं सरकतो. पण पोलादात कणांच्या सीमा असतात, मळाचे कण असतात, रचनेतल्या चुका असतात. तिथे तो अडकतो. बारीक पोकळीत दोन अणू जोडले गेले की वायू होतो आणि त्याची परतीची वाट बंद होते. ताण पडला की मोकळे अणू ताणाच्या जागी गोळा होतात आणि तिथेच चीर सुरू होते. उलट, व्हॅनेडियमसारख्या धातूंचे अतिसूक्ष्म कण पोलादभर पसरलेले असले, तर ते हायड्रोजनला ठिकठिकाणी थोडा थोडा धरून ठेवतात आणि धोका कमी करतात. गावात मुक्काम विखुरला की गर्दी होत नाही, तसंच हे.

हे सगळं आपल्या दारापर्यंत येतं. उद्यमबागेत क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिकचे भाग बनतात. निपाणी-चिकोडीकडे उसाच्या ट्रॉल्या ओझ्यानं वाकून जातात. १२.९ ग्रेडचा कणखर बोल्ट चकाकीसाठी प्लेटिंग करून घेतला, तर प्लेटिंगच्या टाकीतच हायड्रोजन त्यात शिरतो. बोल्ट घट्ट आवळला जातो, काही होत नाही. एक-दोन दिवसांनी, कुणी हात न लावता, तो तुटतो. उपाय साधा आहे. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत तो भट्टीत १९० ते २२० अंश सेल्सिअसला काही तास भाजावा, म्हणजे हायड्रोजन बाहेर पडतो किंवा निरुपद्रवी जागी जाऊन बसतो. नरम बोल्टाला याची गरज नसते, म्हणून अनेक वर्कशॉपांत ही पायरी गाळली जाते. पैसे थोडे वाचतात, पण ट्रॉलीमागून चालणाऱ्याचा जीव त्यावर टांगलेला राहतो.

आमच्या सीमाभागाला लोखंडाची ओळख सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आपल्या मुलांना तो वारसा सांगताना नांगराबरोबर ही ओलही सांगावी, एवढंच आम्हाला वाटतं.