नियंत्रक व्हॉल्व्ह, स्वयंचलित : आटपाडी तालुक्यातील बंदिस्त नळवितरण

नळातील पाण्याचा दाब किंवा प्रवाह ठरवून दिलेल्या मर्यादेत आपोआप राखणारे साधन. पाणीपुरवठा, लघुसिंचन आणि उपसा सिंचनाच्या वितरणात ते वापरतात. या नोंदीत सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याच्या संदर्भात त्याची मापनिवड व जोडणी यांचा विचार केला आहे.

आटपाडी माणदेशात मोडते. सरासरी पाऊस ५०० मि.मी.हूनही कमी, माण नदी वर्षाचा बराच काळ कोरडी, आणि डाळिंबाच्या बागा ठिबकवर. १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली पाणी संघर्ष चळवळीने आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या आणि कृष्णेच्या पाण्याची मागणी लावून धरली. भारत पाटणकर, गणपतराव देशमुख ही मंडळीही या लढ्यात होती. टेंभू उपसा सिंचन योजनेचे काम १९९६ मध्ये सुरू झाले. कराड तालुक्यातील टेंभू येथे कृष्णेतून उचललेले पाणी टप्प्याटप्प्याने खानापूरच्या घाटमाथ्यावर चढते आणि तिथून आटपाडीकडे उतरते. चळवळीचा आग्रह नुसत्या पाण्याचा नव्हता. पाणी समन्यायी वाटले जावे, हा होता. म्हणून तालुक्यात उघड्या पाटचाऱ्यांऐवजी बंदिस्त नळवितरण स्वीकारण्यात आले.

खरी अडचण इथेच सुरू होते. घाटमाथ्यावरून उतरणाऱ्या पाण्याला पंपाशिवाय दाब मिळतो : दर १० मीटर उताराला सुमारे १ किलो (प्रति चौ.सें.मी.). सखल शिवारातल्या आउटलेटवर सहा किलो दाब असू शकतो, तर उंचवट्यावरच्या शेतात दीड किलोही मिळेलच असे नाही. ठिबकच्या ड्रिपरला सुमारे एक किलो पुरतो. व्हॉल्व्ह नसेल तर सखल भागात जोडण्या निसटतात, नळ फुटतात आणि वरच्या शेतकऱ्याची पाळी कोरडी जाते. समन्यायी वाटपाचा ठराव कागदावर कितीही चांगला असो, नळात तो नियंत्रक व्हॉल्व्हच अमलात आणतो.

या कामी पडद्याचा (डायफ्रॅम) व्हॉल्व्ह सोयीचा, कारण त्याला वीज लागत नाही. वरच्या (पाणी येण्याच्या) बाजूचे थोडे पाणी बारीक छिद्रातून पडद्यावरच्या कोठडीत येते आणि पायलट नावाच्या छोट्या व्हॉल्व्हमधून खालच्या बाजूला निघून जाते. खालचा दाब वाढला की पायलट आवळतो, कोठडी भरते आणि पडदा खाली येऊन वाट आवळतो. दाब घटला की उलट घडते. दाब कमी करणारा, वरचा दाब राखणारा आणि प्रवाह मर्यादित ठेवणारा असे याचे मुख्य प्रकार आहेत. समान वाटपासाठी यांतला शेवटचा सर्वांत महत्त्वाचा : वरचा दाब कमीजास्त झाला तरी तो नेमून दिलेल्यापेक्षा जास्त पाणी सोडत नाही.

मापनिवड : नळाचे माप पाहून व्हॉल्व्ह घेणे ही सर्रास होणारी चूक आहे. व्हॉल्व्हची क्षमता केव्ही या अंकाने सांगतात. पूर्ण उघड्या व्हॉल्व्हमधून १ बार दाबफरकाला (जवळपास १ किलोच) ताशी जितके घनमीटर पाणी जाते, तो हा अंक. प्रवाहाला दाबफरकाच्या वर्गमुळाने भागले की लागणारा केव्ही मिळतो. समजा, आउटलेटला ताशी २० घनमीटर हवे, वर ६ बार आणि खाली २.५ बार आहे. फरक ३.५, वर्गमूळ १.८७, म्हणून केव्ही सुमारे १०.७. नळ १०० मि.मी.चा असला तरी ५० मि.मी.चा व्हॉल्व्ह इथे पुरून उरतो. त्यातला वेग सेकंदाला २.८ मीटरच्या आसपास येतो. १०० मि.मी.चा बसवला तर तो जेमतेम फटीएवढा उघडेल, सतत उघडझाप करेल आणि त्याचे बैठकीचे रबर लवकर झिजेल. कमाल प्रवाहाइतकाच किमान प्रवाहही तपासावा लागतो. पाळीच्या शेवटी एकच शेतकरी पाणी घेत असतो. त्या वेळेसाठी समांतर छोटा व्हॉल्व्ह ठेवतात.

वरचा दाब खालच्या दाबाच्या तिपटीहून जास्त असेल तर पोकळीभवनाचा धोका असतो. पाण्यात वाफेचे बुडबुडे धरून ते फुटतात, व्हॉल्व्हमध्ये खडे घोळल्यासारखा आवाज येतो आणि कालांतराने धातूला खड्डे पडतात. अशा ठिकाणी दोन टप्प्यांत दाब उतरवावा. उतारावरच्या लांब लाइनीत हे गणित टाळून चालत नाही.

जोडणी : व्हॉल्व्हच्या अंगावरचा बाण प्रवाहाच्या दिशेने, नळ आडवा, झाकण वर. अलीकडे गाळणी, दोन्ही बाजूंना बंद करण्याचे व्हॉल्व्ह, दाबमापक, बायपास आणि उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह. चेंबरला तळाशी निचरा हवा, आत माणूस बसून पाना फिरवू शकेल एवढी जागा हवी. व्हॉल्व्ह बसवण्यापूर्वी लाइन धुऊन काढावी. चाचणीत राहिलेली वाळू नेमकी बैठकीत अडकते. बंद होण्याचा वेग सुई-व्हॉल्व्हने मंद ठेवावा. लोखंडी नळात सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी एकाएकी थांबले तर सुमारे १० किलोचा धक्का बसतो. प्लास्टिक नळात तो कमी असतो, तरी सांधे सुटायला पुरतो.

देखभालीत पायलटची गाळणी सर्वांत आधी पाहावी. तलावात साठून आलेल्या पाण्यात शेवाळ व बारीक शिंपले असतात. कोठडीकडे जाणारे छिद्र त्यांनी बुजले तर व्हॉल्व्ह बंद होत नाही, उलट पूर्ण उघडा राहतो आणि वरचा सगळा दाब ठिबकच्या नळ्यांवर येतो. आवर्तन सुरू होण्याआधी गाळणी धुणे, पडद्याला चीर आहे का ते पाहणे आणि नेमलेला दाब तपासणे एवढे केले तरी बरेच नुकसान टळते. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार पाणी वापर संस्थांना पाणी घनमापनाने द्यायचे असते. त्यामुळे पायलटवर नेमलेले माप संस्थेच्या नोंदवहीत लिहून पायलटला सील लावावे, आणि ते माप बदलायचे झाल्यास त्या लाइनीवरच्या सर्व शेतकऱ्यांसमोरच बदलावे.